तीन ब्रिज झाले, खड्डा तिथेच: पहिलीच्या एका बाईंची केस

पहिलीतली मुलं सतरंजीवर बसतात आणि बाई उभ्या असतात, म्हणजे मुलांना बाईंचे वरचे दात खालून दिसतात. इतकी वर्षं हिरड्यांचंच काम करतोय पण हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं, ते बाईंनीच पहिल्या दिवशी खुर्चीत बसल्या बसल्या सांगितलं. वर्गातल्या एका पोराने विचारलेलं, "बाई, तुमच्या दातावर काळं काय बसलंय?" त्याला माशी वाटली असावी. त्याआधी दहाएक वर्षं घरी किंवा स्टाफरूममधे कोणी चकार शब्द काढला नव्हता. मोठी माणसं समोरून बघतात, आणि ओठ थोडा खाली असला की समोरून काही कळत नाही.

बाई ४३ वर्षांच्या, मराठी शाळेत शिकवतात, राहायला पुण्यात धायरीकडे. त्यांना विचारूनच लिहितोय, नाव आणि शाळा अर्थातच देणार नाही.

तक्रारी तीन होत्या आणि त्या ज्या क्रमाने त्यांनी सांगितल्या तो क्रम मी मुद्दाम तसाच लिहून ठेवला. पहिली, श म्हणताना फटीतून हवा जाते आणि शिट्टीसारखा आवाज येतो, श्रुतलेखन घालताना दोन पोरं तसाच श म्हणून दाखवतात. दुसरी, पालेभाजी खाल्ली की तिथे अडकते आणि डबा खाल्ल्यावर आरशात बघितल्याशिवाय वर्गात जाता येत नाही. तिसरी, दिसायला वाईट दिसतं. मी मात्र तपासताना तिसऱ्या तक्रारीकडेच बघत होतो, ते पुढे येईलच.

मागची गोष्ट अशी. बारा वर्षांपूर्वी पावसाळ्यात सिंहगड रोडला स्कूटर घसरली, तोंडावर पडल्या. वरच्या उजव्या बाजूचा पुढचा मोठा दात जागेवरच गेला, शेजारचा छोटा इतका हलत होता की दोन दिवसांनी काढावाच लागला. दातांबरोबर बाहेरच्या बाजूची हाडाची पापुद्र्यासारखी भिंतही तुटली. शाळा चालू होती, दोन दात नसलेल्या बाई वर्गात कशा उभ्या राहणार, म्हणून पाच आठवड्यांत चार दातांचा फिक्स ब्रिज बसवला, म्हणजे शेजारच्या दातांवर कॅप घालून त्यांच्या आधाराने पक्के बसवलेले नकली दात, एका टोकाला सुळा, दुसऱ्या टोकाला डावीकडचा मोठा दात, मधे दोन नकली. ज्यांनी केला त्यांना मी नावं ठेवणार नाही, घाई पेशंटची होती आणि दिसायलाही तेव्हा छान दिसत होता, बाईंनी फोटो दाखवला. फक्त तो ब्रिज टेम्पररी म्हणून बसवायला हवा होता आणि तसं सांगायला हवं होतं.

कारण दात गेला की हाड थांबत नाही. दाताच्या मुळाभोवती जे अगदी आतलं पातळ हाड असतं ते दातासाठीच असतं, दात गेला की त्याचा रक्तपुरवठा जातो आणि ते विरघळायला लागतं, आणि पुढच्या दातांची बाहेरची भिंत बहुतेकांची एक मिलिमीटरसुद्धा जाड नसते, म्हणजे ती जवळजवळ सगळीच त्या आतल्या हाडाची बनलेली असते. दाढांच्या जागी मोजून बघितलंय तर पहिल्या वर्षात रुंदी साधारण निम्मी होते आणि त्यातला दोन तृतीयांश भाग पहिल्या तीन महिन्यांतच जातो. बाईंची तर भिंत अपघातातच गेली होती. हाड गेलं की त्याच्यावरची हिरडी तंबूचा बांबू काढल्यासारखी आत बसते. पाचव्या आठवड्यात माप घेतलेला ब्रिज सहाव्या महिन्यात हिरडीपासून सुटलेला दिसणारच, तो बिचारा तिथेच आहे, हिरडी मागे सरकली.

मग चार वर्षांनी दुसरा ब्रिज. फट भरायला नकली दात वरच्या बाजूला लांब केले, सशासारखे दिसायला लागले असं बाईंचंच म्हणणं. मग तिसरा, त्यात लांबी कमी करून वरती हिरडीसारखं दिसावं म्हणून गुलाबी सिरॅमिक लावलेलं. आता गुलाबी सिरॅमिक वाईट नसतं, काही केसेसमधे तोच खरा इलाज असतो आणि मी स्वतः सुचवतो. पण आपल्याकडे निम्म्याहून जास्त लोकांच्या हिरड्यांवर तपकिरी छटा असते, बाईंची तर चांगलीच गडद, आणि लॅबमधून आलं होतं एकदम बबलगमसारखं गुलाबी. वर ते गुलाबी हिरडीला चिकटतही नव्हतं, मधे फट होतीच, आणि त्या फटीत अंधार. पोराला दिसलेली माशी ती.

तपासलं तेव्हा त्या जागी हिरडीला बाहेरून ४ मिमीचा खड्डा आणि उंचीही शेजारच्या दातांच्या मानाने २ मिमी कमी. सायबर्ट नावाच्या डॉक्टरांनी १९८३ मधे अशा खड्ड्यांचे तीन प्रकार पाडले, पहिल्यात फक्त रुंदी गेलेली, दुसऱ्यात फक्त उंची, तिसऱ्यात दोन्ही. बाईंचा तिसरा, पण सौम्य. रुंदी परत आणणं तुलनेने सोपं, उंची परत आणणं महाकठीण, हे अजूनही खरं आहे आणि पेशंटला हे आधी सांगितलं नाही तर नंतर भांडण ठरलेलं. ब्रिजच्या खाली हिरडी लालभडक, हात लावला की रक्त, कारण नकली दात खोगिरासारखे हिरडीवर बसवलेले, त्यांच्या खालून दात साफ करायचा दोराच (फ्लॉस) जात नव्हता. बाईंना कोणी दोरा घालायला सांगितलंही नव्हतं.

इथे एक गोष्ट बाजूला जाऊन सांगतो. "तंबाखू खाता का?" असं विचारून कधी थांबायचं नाही, कारण मशेरी 'लावतात', खात नाहीत, त्यामुळे उत्तर अगदी प्रामाणिकपणे 'नाही' येतं. मशेरी, गुटखा, सिगरेट, सगळं वेगवेगळं नाव घेऊन विचारावं लागतं. तंबाखूने हिरडीचा रक्तपुरवठा आवळतो आणि ग्राफ्ट, म्हणजे दुसरीकडून काढून इथे लावलेला तुकडा, जगतो तो निव्वळ आजूबाजूच्या रक्तावर, त्यामुळे हे आधी कळलेलं बरं. बाईंचं यातलं काही नव्हतं, शुगरही ठीक होती.

इम्प्लांटचं, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दात लावण्याचं, बाईंच्या मिस्टरांनी विचारलं, ते नेटवर वाचूनच आले होते. स्कॅनमधे हाडाची रुंदी साडेतीन मिमीच भरली, म्हणजे आधी हाडाचा ग्राफ्ट, मग महिनोन्महिने थांबा, मग इम्प्लांट, आणि एवढं करूनही हिरडीचा ग्राफ्ट बहुतेक लागलाच असता. शेजारचे दोन्ही दात तर आधीच कापलेले, त्यांना कॅप लागणारच. बाई म्हणाल्या, "एवढं सगळं नको डॉक्टर." मलाही पटलं.

मग ठरलं असं की आधी हिरडी, मग चौथा ब्रिज. मिस्टर जरा वैतागले, म्हणाले ब्रिज वाईट आहे तर ब्रिजच बदला ना सरळ. मी त्यांना तीनही ब्रिजचे फोटो शेजारी शेजारी ठेवून दाखवले. दात दर वेळी वेगळा, खड्डा तोच, फक्त दर वेळी थोडा मोठा. तेव्हा त्यांना पटलं, किंवा गप्प तरी बसले.

ऑपरेशन कधी, तर बाईंना सुट्टी दिवाळीतच. मी म्हटलं मे महिन्यात करू, दिवाळीत तुम्हाला चकली, शेव, कडबोळी काहीच खाता येणार नाही, पण त्यांना सहा महिने थांबायचं नव्हतं. दसऱ्याच्या आधी जुना ब्रिज कापून काढला. डावीकडच्या दाताला कॅपखाली थोडी कीड होती ती भरून घेतली, ॲक्रिलिकचा, म्हणजे एक प्रकारच्या प्लास्टिकचा, टेम्पररी ब्रिज लावला, नकली दात हिरडीपासून मुद्दाम लांब ठेवले आणि दोरा ओवायला शिकवलं. तीन आठवड्यांत लाली गेली. लाल, सुजलेल्या हिरडीवर ग्राफ्ट करणं म्हणजे ओल्या भिंतीला रंग देणं, त्यामुळे हे तीन आठवडे कितीही घाई असली तरी सोडत नाही.

आता ग्राफ्ट म्हणजे नक्की काय. टाळूच्या कातडीखाली जाड, चिवट असा थर असतो, तो तिथून काढायचा आणि पुढच्या खड्ड्यात हिरडीच्या आत सरकवायचा. ही कल्पना नवीन नाही, खड्डा असा भरून पुढचे दात चांगले दिसतात हे लँगर आणि कलॅग्ना यांनी १९८० मधेच लिहिलंय. दुसरा रस्ता म्हणजे टाळूचा वरच्या कातडीसकट जाड तुकडा खड्ड्यावर बाहेरून बसवणं. त्याने उंची थोडी जास्त मिळू शकते, पण टाळूची कातडी फिकट आणि बाईंची हिरडी तपकिरी, म्हणजे जन्मभर ठिगळ दिसणार. गुलाबी सिरॅमिकला कंटाळून आलेल्या बाईला मी दुसरं ठिगळ कशाला लावू. आतून भरलं की वरची हिरडी तिचीच राहते आणि रंगही तिचाच.

बाईंना समजावताना दिवाळी तोंडावर होती म्हणून करंजी तोंडात आली. हिरडीची पारी न फाडता आत जागा करायची आणि टाळूचं सारण भरायचं. त्यावर बाई लगेच म्हणाल्या, "जास्त भरलं की फुटते." अगदी हेच. पारी ताणली गेली की तिथलं रक्त थांबतं, टाके तुटतात, सारण उघडं पडतं. मी गेली कित्येक वर्षं ज्युनिअर्सना हा मुद्दा इंग्रजीत समजावतोय, इतका सरळ कधी सांगता आला नव्हता.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी सकाळी केलं. जागा बधिर करायचं नेहमीचंच इंजेक्शन, लिग्नोकेन २ टक्के. जिथे दात नाहीत त्या कडेवर, किंचित टाळूच्या बाजूला एकच छेद, तिथून आत बाहेरच्या अंगाला हिरडीचा थर हाडापासून पूर्ण न उचलता मधूनच सोडवत नेला, ओठाची मऊ त्वचा सुरू होते त्याच्याही पुढे, म्हणजे पारी सैल पडते. उभे छेद दिलेच नाहीत, व्रण राहतो आणि रक्तही तुटतं. मग टाळू. सुळ्याच्या मागून पहिल्या दाढेच्या मध्यापर्यंतचा भाग घ्यायचा, दाताच्या कडेपासून दोन-तीन मिमी सोडून एकच छेद आणि त्यातूनच आतला थर. फार मागे किंवा फार खोल गेलं की टाळूची मोठी रक्तवाहिनी असते. ज्यांची टाळू उथळ असते त्यांच्यात ती दाताच्या जवळ येते, खोल कमानीसारखी असेल तर लांब राहते, बाईंची मध्यम होती. साधारण २० मिमी लांब आणि ८ मिमी रुंद पट्टी मिळाली, ती दुमडून दुहेरी केली म्हणजे जाडी आली, आणि टाक्याने खेचून आत बसवली. थोडं जास्तच भरलं, कारण ग्राफ्ट नंतर आकसतो. अगदी बारीक धाग्याचे टाके, टाळूवर टाके आणि वरून ॲक्रिलिकची पातळ प्लेट, ती असली की जिभेने जखम चाचपणं बंद होतं आणि जेवताना झोंबत नाही. सव्वा तास लागला.

टेम्पररी ब्रिज परत लावला आणि इथे माझी चूक झाली. नकली दाताची हिरडीकडची बाजू मी घासून कमी केली होती, पण एक मिमीच. तिसऱ्या दिवशी, लक्ष्मीपूजनाच्या सुमाराला, बाई आल्या तेव्हा सूज चढलेली आणि सुजलेली हिरडी नकली दाताला टेकून मधे पांढरी पडलेली. म्हणजे दाब आणि म्हणजे रक्त नाही. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच सगळ्यात जास्त असते हे मी पेशंटना पाठ करून सांगतो आणि स्वतः जागा ठेवताना विसरलो. तिथल्या तिथे ब्रिज काढून अजून दीड-दोन मिमी घासला. दहाव्या दिवशी त्या जागी वरची कातडी तांदळाच्या दाण्याएवढी निघाली, खालचा ग्राफ्ट लाल आणि जिवंत होता, भरून आलं. पण ती झोप उडवणारी आठवडाभराची दिवाळी मला नको होती आणि बाईंना तर नव्हतीच. मी त्यांना सरळ सांगितलं की हे तुमच्या खाण्यामुळे नाही, माझ्या घासण्यातल्या कमीमुळे झालं. त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत, मी शेवेवर संशय घेत होते." म्हणजे शेव खाल्ली होती तर.

टाळूच्या जखमेचं सांगायला हवं कारण कोणी आधी सांगत नाही. पुढे जिथे ग्राफ्ट बसवतो तिथे फार दुखत नाही, दुखते ती टाळू, पहिले चार-पाच दिवस गरम आमटी किंवा तिखट गेलं की कळतं. बाईंनी मऊ भात, ताक, शिरा आणि दुधात बुडवलेल्या शंकरपाळ्यांवर दिवाळी काढली. पुढच्या बाजूला ब्रश नाही, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने दिवसातून दोनदा हळू गुळणी, स्ट्रॉ नाही, ओठ वर करून आरशात बघायचं नाही. हे शेवटचं सगळ्यांना अवघड जातं, घरचा प्रत्येकजण "बघू बघू" म्हणतो आणि टाके ओढले जातात. बाराव्या दिवशी टाके काढले, शाळा उघडायच्या दोन दिवस आधी.

पुढचे तीन महिने काहीच करायचं नसतं आणि हेच पेशंटला पटवणं सगळ्यात कठीण. ग्राफ्ट आकसत जातो आणि मग स्थिरावतो, त्याआधी माप घेतलं तर बारा वर्षांपूर्वीचाच प्रकार. फेब्रुवारीत मोजलं तर रुंदीत ३ मिमी मिळाले होते, उंचीत जेमतेम १. मग टेम्पररीच्या नकली दाताला हिरडीकडे अंड्याच्या टोकासारखा गोल आकार द्यायला सुरुवात केली, दर दोन आठवड्यांनी थोडं ॲक्रिलिक वाढवायचं. बसवल्यावर हिरडी पांढरी पडते, दहा-पंधरा मिनिटांत रंग परत आला तर ठीक, नाही आला तर घासून कमी करायचं. या खेपेला मी घड्याळ लावून बसायचो. हिरडीत हळूहळू वाटीसारखा खळगा होतो आणि दात त्यातूनच उगवल्यासारखा दिसतो. खाली जाडी असेल तरच हे जमतं, हाडावर नुसती पातळ हिरडी असेल तर जखमच होणार. ग्राफ्टचा खरा उपयोग इथे.

तिसऱ्या की चौथ्या खेपेला बाई खुर्चीतच थांबल्या आणि म्हणाल्या, "शहामृग, शेतकरी, शिट्टी." शिट्टी वाजली नाही.

राहिला प्रश्न दोन नकली दातांच्या मधल्या त्रिकोणाचा. खऱ्या दोन दातांमधे हाडाच्या टोकापासून दात जिथे एकमेकांना टेकतात तिथपर्यंत ५ मिमी किंवा कमी अंतर असेल तर हिरडी जवळजवळ नेहमी तो त्रिकोण भरते, ६ ला ५६ टक्के जागीच भरते आणि ७ ला २७ टक्के, हे टार्नो आणि सहकाऱ्यांनी १९९२ मधे मोजलेलं. बाईंच्या डावीकडच्या खऱ्या दाताशेजारचं हाड शाबूत होतं, तिथला त्रिकोण छान भरला. दोन नकली दातांच्या मधे मात्र हिरडी धरून ठेवायला हाडाचं टोकच नाही, तिथे एक मिमी काळं राहत होतं. मे महिन्याच्या सुट्टीत दुसरा छोटा ग्राफ्ट करू, असं मी सुचवलं. खरं सांगायचं तर सुचवताना माझ्या डोळ्यांसमोर कॉन्फरन्सची स्लाइड होती, आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो, मधे काळं काही नाही.

बाईंनी विचारलं, त्याने नक्की भरेल का? मी म्हटलं, उंचीचं नक्की कोणी सांगू शकत नाही. त्यांनी विचारलं, श बिघडेल का? नाही. भाजी अडकते का आता? नाही. मग कशाला, म्हणाल्या. मी थोडा वेळ समजावलं आणि मग पहिल्या दिवसाचा माझाच कागद काढून बघितला. श पहिला, भाजी दुसरी, दिसणं तिसरं. दोन तक्रारी पूर्ण गेलेल्या, तिसरीतला एक मिमी उरलेला आणि तोही त्या खळखळून हसल्या तरच. दुसरं ऑपरेशन माझ्या यादीत होतं, त्यांच्या नाही. नाही केलं.

त्या एका मिमीचा बराचसा बंदोबस्त आमच्या ब्रिजवाल्या मित्राने लॅबमधे बसून केला, दोन नकली दात एकमेकांना टेकतात ती जागा वर हिरडीकडे लांबवली, त्रिकोण लहान झाला. ऑपरेशननंतर पाचव्या महिन्यात झिर्कोनिया या पांढऱ्या, मजबूत मटेरियलचा ब्रिज बसवला, वरून सिरॅमिकचा थर, गुलाबी काही नाही. माप घेताना टेम्पररीने बनवलेला खळगा जसाच्या तसा लॅबला पोचवणं महत्त्वाचं, ब्रिज काढला की हिरडी काही मिनिटांतच पसरून तो आकार बुजवायला लागते.

खर्चाचं म्हणाल तर, डेंटल कॉलेजच्या हिरड्यांच्या विभागात, ज्याला पेरिओ म्हणतात, पीजी करणारी मुलं सरांच्या देखरेखीखाली हेच करतात आणि खाजगीपेक्षा बरंच स्वस्तात होतं, फक्त खेपा आणि वेळ जास्त लागतो.

वर्षानंतर तपासलं तेव्हा ग्राफ्टची जाडी टिकून होती, नकली दातांखाली रक्त नाही. डावीकडच्या मोठ्या दाताच्या मागच्या अंगाला मात्र थोडं आलं, तिथे दोरा नीट फिरत नव्हता. सुईत ओवतात तसं टोक कसं वाकवायचं ते परत दाखवलं, दोनदा त्यांच्याकडून करून घेतलं, आणि पुढची तारीख शाळा सुरू झाल्यावरची दिली.